फरशीवर फरशी

राहत्या सदनिकेत पैसे घालून तिची पुढील विक्रीची किंमत वाढवण्याच्या उद्योगाला मराठी शहरांत 'घराचे काम काढणे' असे म्हणतात, आणि या उद्योगात जेवढे बसवले जाते त्याहून अधिक काढलेच जात असल्यामुळे यातील क्रियापद अगदी चपखल आहे. 'रिसेल व्हॅल्यू', म्हणजे एकदा वापरलेली वस्तू पुन्हा विकताना तिला येणारी किंमत, हा या उद्योगाचा बीजमंत्र होय. स्वतःच्या सुखासाठी चार लाख रुपये खर्च करणे मध्यमवर्गीय मराठी मनाला उधळपट्टी वाटते. परंतु तेच चार लाख आणखी दहा वर्षांनी येणाऱ्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकासाठी खर्च केले, की त्या खर्चाला गुंतवणूक म्हणतात आणि तो झोपेच्या आड येत नाही. हे भावी गिऱ्हाईक घरात कायम न दिसणाऱ्या पाहुण्यासारखे वावरत असते: त्याला कडप्प्याचा ओटा चालत नाही, त्याला छतात लपवलेले पिवळे दिवे लागतात, आणि त्याच्या सगळ्या आवडीनिवडी काम काढणाऱ्याच्या आवडीनिवडींशी तंतोतंत जुळतात, हा निव्वळ योगायोग समजला जातो.

या विषयाच्या अभ्यासाला सर्वांत सोयीचे क्षेत्र म्हणजे १९८० च्या आसपास कोथरूड, मुलुंड किंवा डोंबिवलीत उभ्या राहिलेल्या, तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती होत, कारण त्यांत सुधारणेचे थर एकावर एक शाबूत सापडतात. तळाशी मोझेक, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून आणि मशीनने घासून गुळगुळीत केलेली फरशी; तिच्यावर नंतरच्या सुबत्तेची खूण असलेली सिरॅमिकची पांढरट फरशी, जिचा चकचकीतपणा पावसाळ्यात अनेकांच्या माकडहाडांनी तपासून पाहिलेला असतो; आणि सर्वांत वर व्हिट्रिफाइड, म्हणजे उच्च तापमानाला भाजून काचेसारखी घट्ट व जवळजवळ पाणी न पिणारी केलेली, गुजरातेतील मोरबीहून आलेली दोन बाय दोनची फरशी. जुनी फरशी उखडायची तर राडारोडा गोण्यांत भरून तीन जिने उतरवावा लागतो आणि मजूर गोणीवर दर लावतात, या अर्थशास्त्रीय कारणामुळे 'फरशीवर फरशी' ही पद्धत रूढ झाली. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन कालखंडांचे थर मिळाले. कोथरूडच्या दोन खोल्यांतही तीनच मिळतात, मात्र तिथे ते साचायला सुमारे नऊशे वर्षे लागली आणि इथे तीस पुरली. इनामगावात पूर्व जोर्वे काळातील ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या आल्या. गृहबदलाच्या इतिहासातील हे फार प्रामाणिक उदाहरण मानले पाहिजे, कारण त्या झोपड्यांना 'कॉम्पॅक्ट' म्हणायला तिथे एकही दलाल नव्हता.

प्रत्येक थराबरोबर जमीन इंच-दीड इंच वर येते, आणि मग दारे अडतात. सुतार दार बिजागरीतून उतरवतो, बाल्कनीत आडवे टाकतो, त्याच्या खालच्या कडेला रंधा मारतो आणि पुन्हा चढवतो. तीन थरांनंतर दाराची उंची चांगलीच कमी झालेली असते, आणि खालच्या कडीचे जमिनीतले भोक नव्या फरश्यांखाली गाडले गेलेले असते. दाराचे निभावते, न्हाणीघराच्या उंबऱ्याचे निभावत नाही. पाणी आत राहावे म्हणून गवंड्याने मुळात दोन-अडीच इंच उंच ठेवलेला हा दगडी उंबरा दुसऱ्या थरानंतर अर्धा बुडतो आणि तिसऱ्यानंतर आंघोळीचे पाणी व बाहेरचा पॅसेज यांच्यामध्ये केवळ सद्भावना उरते. तेव्हा न्हाणीघराचीही जमीन उचलावी लागते. ती उचलताना नहाणी ट्रॅपशी, म्हणजे सांडपाणी जिथून खाली उतरते त्या जाळीखालच्या भांड्याशी, असलेला सांधा हलतो, आणि महिन्याभरात खालच्या मजल्यावरचे काका मोबाइलवर आपल्या छताचा फोटो घेऊन वर येतात. फोटोत ओलीचा आकार बहुधा एखाद्या जिल्ह्यासारखा असतो. सदनिकेची किंमत खात्रीने पाडणारी जर कोणती एक गोष्ट असेल तर ती ओल; आणि ती किंमत वाढवण्याच्या कामातूनच उद्भवते, हा या शास्त्राचा पहिला नियम म्हणता येईल.

ओट्याचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्यामुळे इथे थोडक्यात आवरता घेतलेला बरा. आंध्रातल्या कडप्प्याचा काळा दगड गेला, त्यावर ग्रॅनाइट आला, आणि ग्रॅनाइटवर हळदीचा डाग दिसत नाही ही तक्रार निघाल्यासारखे आता पांढराशुभ्र कृत्रिम दगड बसवला जातो, ज्यावर तो दिसल्याखेरीज राहत नाही. काळ्या दगडाचा एवढा सुकाळ असलेल्या महाराष्ट्राच्या शहरी घरांत पायाखालचा दगड मात्र कर्नाटकातील शहाबादचा किंवा राजस्थानातील कोट्याचा असतो, याकडे प्रादेशिक अस्मितेच्या अभ्यासकांचे अजून लक्ष गेलेले दिसत नाही.

या सर्व गुंतवणुकीची परीक्षा 'पार्टी' येते त्या रविवारी होते. पार्टी म्हणजे घर पाहायला येणारे गिऱ्हाईक. ते एकवचनी नाम असले तरी प्रत्यक्षात पाच जण असतात आणि त्यांत घेणारे जोडपे, त्यांचे एक मूल, एक सासूबाई आणि बांधकामातले कळते अशी ख्याती असलेले एक मामा यांचा समावेश असतो. विक्रेता त्यांना प्रथम फॉल्स सीलिंग दाखवतो. फॉल्स सीलिंग म्हणजे खऱ्या छताखाली प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्समच्या पत्र्यांचे टांगलेले खोटे छत, ज्यामुळे साडेनऊ फुटांची खोली नऊ फुटांची होते आणि पंखा उंच माणसाच्या विचारांच्या अधिक जवळ येतो. त्यातील चार प्रकारचे दिवे क्रमाने लावून दाखवले जातात. तेवढ्यात मामा खिशातून रुपया काढून फरशीवर ठिकठिकाणी ठोकतात आणि एका कोपऱ्यात थांबून म्हणतात, "इथे पोकळ वाजतंय." मग ते कपाट पुढे ओढायला सांगतात, त्याच्या पाठीमागे हात घालून भिंतीवर तळवा दाबतात, तो नाकाशी नेतात आणि काही बोलत नाहीत. हे न बोलणे बाजारात लाखभर रुपयांचे असते. सासूबाई स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडून विचारतात, "पाणी किती वेळ असतं हो?" नव्या ट्रॉल्या, म्हणजे रुळांवर सरकणारे स्टीलचे कप्पे, विक्रेता स्वतःच आवाज न करता बंद करून दाखवतो, त्यांकडे पाहून घेणारीण नवऱ्याला हळूच, पण सर्वांना ऐकू जाईल इतकेच हळू, सांगते, "हे सगळं काढावं लागेल." दिव्यांबद्दल कोणीही काही विचारत नाही. जाताना एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो: पार्किंग आहे का?

भिंत पाडण्याचा प्रकार गणिताने समजून घेणे इष्ट. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधील दहा फूट लांब व साडेचार इंच जाड भिंत पाडली, की पावणेचार चौरस फूट जमीन मोकळी होते, आणि चौरस फुटाला पंधरा हजारांचा भाव धरून मालक मनातल्या मनात छप्पन्न हजार दोनशे पन्नास रुपये जमेला टाकतो. तथापि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे 'रेरा'ने, कार्पेट एरियाची जी व्याख्या केली आहे तीत बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळली असली तरी आतल्या भिंतींची जागा मुळातच धरलेली आहे. भिंत उभी असतानाही ती मालकाच्या चटईक्षेत्रातच होती; ती पाडून त्याने स्वतःचेच स्वतःला परत दिले, आणि वर गोण्यांचे पैसे भरले. बाल्कनीचे उलट. ती आत घेऊन, म्हणजे कठड्यावर सरकत्या काचा बसवून आणि मधली भिंत काढून, हॉल मोठा करणे ही या शहरांची सर्वांत लाडकी सुधारणा. परंतु कायद्याच्या लेखी सोफ्याचा अर्धा भाग कार्पेटमध्ये आणि अर्धा बाल्कनीतच राहतो, व हे काम परवानगीवाचून झालेले असेल तर मंजूर नकाशा हातात धरून आलेला बँकेचा व्हॅल्युअर त्याच सोफ्यावर बसून चहा पितो आणि अहवालात तीच गोष्ट 'विचलन' म्हणून लिहितो. यातील खरा विनोद असा, की नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत विकली जाणारी वस्तू 'प्रशस्त खुली बाल्कनी' ही असते.

सरकारची नजर तर याहून कोरडी आहे. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी राज्य शासन प्रसिद्ध करते ते भागवार बाजारमूल्याचे दरपत्रक, इमारतीच्या वयानुसार घसारा धरते, मजला विचारते, लिफ्ट आहे की नाही हे विचारते. पांढऱ्या ओट्यासाठी त्यात रकाना नाही. शुल्क ठरलेली किंमत आणि हा सरकारी दर यांपैकी जो आकडा मोठा असेल त्यावर बसते. म्हणून फर्निचरचे मोल एरवी कोणी कबूल करीत नसले तरी करारनाम्याच्या आदल्या दिवशी ते अचानक वाढते, आणि जुन्या सोफ्याचा वेगळा करार करून घराची किंमत तेवढी उतरवता येईल काय, याचा खल दोन्ही पक्ष प्रथमच एकमताने करतात. भांडवली नफ्यावरील करात, म्हणजे घर विकून झालेल्या फायद्यावरील प्राप्तिकरात, कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च वजा मिळू शकतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांच्या निवासी मालकांना महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यांतील कमी भरेल तो कर देण्याची मुभाही आहे. मात्र त्यासाठी बिले लागतात. मिस्त्रीचे बिल पाकिटाच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलेले असते, त्यात 'किरकोळ' या शीर्षकाखाली सर्वांत मोठी रक्कम असते, आणि त्याखाली सही म्हणून फक्त 'राम राम' असते.

ज्या सुधारणांनी किंमत खरोखर वाढते त्यांत धूळ उडत नाही, म्हणूनच त्या कोणी हाती घेत नाही. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे गृहनिर्माण संस्थेचे भागधारक असल्याचा दाखला, बँकेच्या लॉकरमध्ये आहे की सासऱ्यांच्या ट्रंकेत, हे शोधून काढणे ही त्यांतली पहिली. दुसरी, इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावावर करून घेणे. १९६३ च्या 'मोफा' कायद्याप्रमाणे ती बांधकाम करणाऱ्याने द्यायची असते. तो देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते, आणि 'मानीव' म्हणजे त्याने दिले नसले तरी दिले असे मानायचे, ही कायद्याची भाषा संसारात मुरलेल्या कोणालाही लगेच समजते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही तिसरी. तीत प्रत्येक सदस्याचा वाटा असल्यामुळे वार्षिक सभेत तळमजल्याचा सदस्य दरवर्षी उभा राहून गच्चीशी आपला काय संबंध, असे विचारतो आणि ठराव पुढील वर्षी जातो. या तिन्हींचा मिळून खर्च एका मॉड्युलर किचनपेक्षा कमी येऊ शकतो. पण पाहुण्यांना शेअर सर्टिफिकेट उघडून-मिटून दाखवता येत नाही.

उरला पुनर्विकास, म्हणजे जुनी इमारत पाडून त्याच जागी मोठी बांधणे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम ७९अ खालच्या शासकीय सूचनांनुसार संस्थेत हा ठराव झाला, की विकासक प्रत्येक सदस्याला जुन्या चटईक्षेत्रावर ठरावीक टक्के वाढीव क्षेत्र देऊ करतो. त्या तक्त्यात तिसऱ्या थराची व्हिट्रिफाइड फरशी असलेला सदस्य आणि मोझेकवर चटई टाकून बसणारे आजोबा शेजारच्या ओळींत, समान आकड्यांनिशी बसतात. अशा इमारतीतील घर घ्यायला येणारी पार्टी तर आतही फारशी येत नाही. दारात उभी राहून 'रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय?' असे विचारते, आणि चार प्रकारचे दिवे चारही लावून ठेवलेला मालक बूट काढू नका म्हणून सांगतो.

जिथे पुनर्विकास अजून दूर असतो तिथे घर अखेर विकले जाते, नवा मालक इंटिरिअर डिझायनरला घेऊन येतो आणि पहिल्याच दिवशी हातोडा पडतो. वरची फरशी फुटते, तिच्याखालची पांढरट फुटते, आणि सर्वांत खाली, काळ्या पट्टीची किनार असलेले पिवळसर मोझेक दिसते. डिझायनर गुडघ्यावर बसून ते बोटाने पुसते आणि हल्ली कॅफेंमध्ये असेच असते, असे सांगते. नवा मालक खूश होतो. परंतु दोन थरांच्या सिमेंटने मूळ मोझेकला टवके उडालेले असतात, ते घासून घ्यायला मशीनवाला अवाच्या सवा पैसे सांगतो, आणि हुबेहूब तशीच दिसणारी नवी फरशी बाजारात तयार मिळते. ती मोझेकवर बसवली जाते. दार अडते. सुतार ते बिजागरीतून उतरवून बाल्कनीत आडवे टाकायला जातो, तर बाल्कनी आत घेतलेली असल्यामुळे त्याला जिन्यात बसून रंधा मारावा लागतो.