खुळ्यांचा कीबोर्ड

भिवंडीत शहाण्या माणसांची कमतरता नाही. शहाणा माणूस कीबोर्ड घेतो तो मोबाईलवर. खालून सात रंगांचा उजेड पडणारा, चारशेच्या आत-बाहेर बसणारा, चारच्या वर तारे मिळालेला एक बघतो, मागवतो आणि मोकळा होतो. काल्हेर, पूर्णा, मानकोली, राहनाळ इथल्या गोदामांतून मुंबईचा एवढा माल सुटतो, की त्याचे पार्सल यायलाही वेळ लागत नाही. या माणसाची वाखाणणी करणारे जागोजाग भेटतात. मला मात्र गुण गायचे आहेत ते खुळ्याचे.

खुळा दुकानात जातो. बंद खोके उघडायला लावतो, कीबोर्ड काउंटरवर सपाट ठेवतो आणि दहाही बोटे त्यावर टेकवतो. दुकानदार म्हणतो, ‘अहो दादा, सगळे सारखेच असतात, काय एवढं बघताय?’ खुळा ऐकून घेतो आणि एफ व जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवरून तर्जनी फिरवतो. न बघता बोटे जागेवर यावीत म्हणून ते उंचवटे असतात. स्वस्त मालात ते इतके पुसट असतात, की बोटाला लागतच नाहीत. मग तो स्पेसबारचे डावे टोक दाबतो, उजवे टोक दाबतो. दोन्हीकडून तो सारखा खाली गेला तर ठीक, एका बाजूला अडला तर खोके परत. यात त्याची दहा-पंधरा मिनिटे जातात आणि मागे उभे असलेले गिऱ्हाईक वैतागते.

याच गावात कापडाचा ताका कोणी हात न लावता घेत नाही. व्यापारी अंगठा आणि तर्जनीत कापड चोळून बघतो, भिंग लावून एका इंचात ताण्याचे आणि बाण्याचे किती धागे आहेत ते मोजतो, आणि दोन धागे कमी भरले तरी भाव पाडतो. त्याला कोणी खुळा म्हणत नाही. मात्र ज्या वस्तूवर कारखान्यातल्या मेहताजींची बोटे दिवसभर नाचतात, ती हाताळून घेतली की खुळेपणा होतो. तसे असेल तर तो खुळेपणा मला मान्य आहे आणि भिवंडीत तो वाढावा असे मला वाटते.

खुळ्याचा दुसरा हट्ट लांब कीबोर्डाचा. हल्ली ६१ कळांचे आटोपशीर कीबोर्ड निघाले आहेत. टेबलावर छान दिसतात, खेळणाऱ्या मुलांना माउस फिरवायला जागा राहते, म्हणून त्यांच्यापुरते ते योग्यही आहेत. पण अंजूर फाट्यावरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम असते आकड्यांचे. ई-वे बिलाचा क्रमांक १२ अंकी, जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा, त्याखाली एमएच-०४ ची गाडी, मग वजन, नग, भाडे. काम करणारी मुलगी डाव्या हाताने चलन उलटते आणि उजव्या हाताने आकडे टाकते. तिची नजर कागदावरून हलत नाही, कारण उजवीकडच्या अंकांच्या चौकटीत पाचाच्या कळेवर उंचवटा आहे आणि बाकीचे आकडे त्याच्या भोवती आहेत. ६१ कळांच्या कीबोर्डात ती चौकटच नसते. १०४ कळांचा लांबडा, जुनाट दिसणारा कीबोर्ड मागणारा खुळा त्या मुलीचा उजवा हात वाचवतो.

तिसरा खुळेपणा पैशांचा. साध्या कीबोर्डात कळांखाली रबराची एक चादर असते. कळ तळापर्यंत दाबली की संपर्क होतो आणि अक्षर उमटते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. कळेचा प्रवास साधारण ४ मिलिमीटरचा, पण अक्षर त्याच्या मध्यावरच उमटते. ज्याचा हात बसला त्याला तळ गाठावा लागत नाही आणि संध्याकाळी बोटे दुखत नाहीत. चेरी या जर्मन कंपनीच्या नावाजलेल्या स्विचचे आयुष्य प्रत्येक कळेमागे ५ कोटी दाबांचे किंवा त्याहून अधिक सांगितले जाते. रबराची चादर तेवढी टिकत नाही. तिच्यात सतत वापरातल्या कळा आधी मऊ पडतात. आपल्याकडे बिलिंगच्या काउंटरवर वर्षानुवर्षे दिसणारा टीव्हीएस गोल्ड मेकॅनिकलच आहे. किंमत साध्याच्या पाच-सहा पट असते, आणि ती मोजणाऱ्याला घरचेही बोल लावतात.

आवाजाचेही बघावे लागते. निळा स्विच टकटक वाजतो, तपकिरी नुसता बोटाला जाणवतो, लाल गुपचूप खाली जातो. यंत्रमागांच्या खडखडाटाला सरावलेल्या कारखान्याच्या ऑफिसात निळा खुशाल वाजवावा. रात्री मूल झोपलेल्या एका खोलीच्या घरात लाल घ्यावा. कापसाची तूस उडते तिथे कळांच्या टोप्या काढून आत फुंकर मारता येते, हा मेकॅनिकलचा मोठा फायदा. पण टेबलावर दिवसातून चार वेळा चहा येत असेल आणि एखादा कप कलंडत असेल, तर साधा घ्या आणि गेला की बदला. खुळा असला तरी पैसे झाडाला लागत नाहीत हे तो जाणतो.

आणखी एक. कीबोर्डामागचे दोन पाय सगळेजण उघडून ठेवतात, कारण ते उघडता येतात. त्याने मनगट मागे वाकते आणि तसेच तासन्‌तास राहते. खुळा ते मिटून ठेवतो.

आता त्याचा सगळ्यात मोठा खुळेपणा: त्याला मराठी मराठीतच टंकायची असते. शहाणा रोमन अक्षरांत लिहितो, पुढे येणाऱ्या पर्यायांतून एक उचलतो, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला तरी पुढे जातो. खुळा महिनाभर इनस्क्रिप्ट शिकत बसतो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी प्रमाणित केली, १९९१ च्या भारतीय मानकात ती आली, आणि विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती फुकट मिळते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजने. के दाबला की क, शिफ्टसह ख. एन दाबला की ल, शिफ्टसह ळ. ‘भिवंडी’ हा शब्द घ्या: भ, वेलांटी, व, अनुस्वार, ड, वेलांटी. कळा सहा, आणि पर्याय निवडणे नाही. रोमनमध्ये आठ अक्षरे टाकायची आणि वर द आला की ड हे बघायचे.

या मांडणीची थोरवी भिवंडीइतकी दुसरीकडे क्वचित कळेल. इथल्या मागांवर तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इनस्क्रिप्टमध्ये ज्या कळेवर मराठीचा क, त्याच कळेवर तेलुगूचा क. एकदा बोटे शिकली की ती दोन्ही भाषांना चालतात. उर्दूची मांडणी निराळी आहे, ती वेगळी शिकावी लागते. पण ज्या गावात एका गल्लीत तीन लिप्या नांदतात, तिथे सगळ्यांनी रोमनमध्ये उतरावे हे मला मान्य नाही.

ज्यांचा हात टाइपरायटरवर बसला, त्यांनी रेमिंग्टनची मांडणी सोडायचे कारण नाही. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये थांबवले. यंत्र गेले तरी त्यावर घडलेली बोटे अजून कामावर आहेत, आणि तीच मांडणी संगणकावरही मिळते. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींनी इनस्क्रिप्ट घ्यावे. लिपिक-टंकलेखक पदाला मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागतात. तो वेग दोन बोटांनी आणि पर्याय निवडत येत नाही. रुपयाचे चिन्हही २०१० पासून आपले आहे. भारतीय इंग्रजी मांडणी निवडली की उजवे ऑल्ट आणि ४ दाबून ते उमटते. तरी बिलांवर अजून ‘आरएस’च छापले जाते.

घरात किंवा गाळ्यावर नवा कीबोर्ड घ्यायची वेळ आली, तर जो त्यावर काम करणार आहे त्याला दुकानात घेऊन जा. त्याची बोटे कळांवर ठेवू द्या, आकड्यांची चौकट बघू द्या, आवाज ऐकू द्या. घरी आणल्यावर आधी मराठी इनस्क्रिप्ट सुरू करा. कळांवर देवनागरी छापलेली नसेल, तर स्टिकरची पट्टी थोडक्या पैशांत मिळते, ती लावा. दुकानदार हसला तरी एवढा खुळेपणा जरूर करा.