सह्याद्रीकाका बर्फात

मे महिना लागला की हिमाचलातल्या कासोलच्या बेस कॅम्पवर मराठी कानावर पडू लागतं, आणि दर बॅचमध्ये एक सह्याद्रीकाका असतातच. वय पन्नाशीपलीकडे, पोटऱ्या विशीतल्या. टोपीवर रायगडाचा बिल्ला. सार पासच्या ट्रेकसाठी रजा टाकून आलेले असतात, पण मनातून हिमालयावर नाराजच. एवढे डोंगर आणि एक धड किल्ला नाही! त्यातून पहिल्याच दिवशी एखादं आगाऊ पोरगं सांगतं, की हे कासोलच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे. १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा. इथे तेवढ्या उंचीवर लोक मोमो विकत बसलेत. काका म्हणतात, "उंचीचं काय घेऊन बसलास? नळीची वाट चढून दाखव."

वाटेवरच्या ग्रहण गावापर्यंत त्यांचंच राज्य. मागे पडलेल्यांना खजूर आणि सूचना वाटत चढतात. लालभडक फुललेला बुरांस दिसला की "आमच्याकडे पळस" एवढं बोलून पुढे.

पंचाईत होते ती बर्फ लागल्यावर. नगारूच्या मुक्कामाच्या वरचा मेमधला बर्फ सिनेमातला भुसभुशीत बर्फ नव्हे. दिवसा उन्हाने पाझरून रात्री पुन्हा गोठलेला, शिळा. पहाटे तो टणक असतो म्हणून अंधारातच निघायचं. ऊन चढलं की तोच गुडघाभर पाय गिळतो. पहाटे निघणं काकांना पूर्ण मान्य. बाकी काहीच नाही. गॉगल लावणं ही हिरोगिरी, म्हणून तो सॅकच्या तळाशी.

गाइड असतो विशीचा पहाडी मुलगा, पायात रबरी गमबूट. तो सांगतो, "अंकल, चढते टाइम पंजा मारो, उतरते टाइम एडी." काकांचे पाय मात्र आयुष्यभर कातळावर अख्खा तळवा टेकायला शिकलेले. ते तळवा टेकतात आणि बसतात. उठतात, "बूट नवे आहेत" म्हणतात, पुन्हा बसतात.

खरी फजिती खडकापाशी. पांढऱ्या उतारावर एका काळ्या खडकाने डोकं वर काढलेलं असतं. परमुलखात गाववाला भेटावा तसे काका वाट सोडून तिकडे वळतात. "कातळ कधी दगा देत नाही!" गाइड ओरडतो, पण उशीर झालेला असतो. उन्हाने तापलेला खडक भोवतालचा बर्फ आतून वितळवून पोकळी करून ठेवतो. वरून काही म्हणता काही कळत नाही. काका मांडीपर्यंत आत. हात खडकावर, बूट खाली अडकलेला. पोरगा मुकाट्याने बर्फ उकरू लागतो आणि तेवढ्या वेळात काका त्याला कोकणकडा समजावून सांगतात.

१३,८०० फुटांची खिंड ओलांडली की बिस्केरीच्या उतारावर गाइड सगळ्यांना खाली बसवतो. आता घसरायचं. काकांचा याला तात्त्विक विरोध असतो. बूड टेकून उतरणं हे नवख्यांचं लक्षण, असं त्यांनीच राजगडावर कितीजणांना सुनावलेलं. मग मागून कुणीतरी हलकेच ढकलतं. "जय भवानी" दरीभर घुमतं, आणि खाली पोचताच काका पहिली चौकशी करतात ती पुन्हा वर जाता येईल का याची.

कासोलला परतेपर्यंत बर्फावरून उलटून आलेल्या उन्हाने नाकाची खालची बाजूसुद्धा सोललेली असते. समोर ताजी बॅच. काका उभे राहतात. "खडकाच्या जवळ फिरकायचं नाही, आत पोकळ असतं. चढताना पंजा, उतरताना टाच. आणि गॉगल काढायचा नाही."

"काका, हिमालयात बऱ्याचदा आलेले दिसता?"

"छे! हे सगळं सह्याद्रीतच शिकलो."