ग्रीन कार्डाचं मीठ

जानकीपुरम ही लखनौच्या उत्तरेची वस्ती. एका अंगाला सीतापूर रोड, दुसऱ्या अंगाला कुर्सी रोड, आणि जानकीपुरम विस्तारात अब्दुल कलाम तंत्र विद्यापीठ, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या शेकडो इंजिनियरिंग कॉलेजांच्या पदव्यांचं उगमस्थान. अशा वस्तीत अमेरिकेतल्या मुलाचा व्हिसा कुठवर आला हे आईवडिलांना तोंडपाठ असणारच. या बाबतीत जानकीपुरम आणि पुण्याचं कोथरूड यांत फरक एवढाच, की कोथरूडकर ते न विचारता सांगतो आणि लखनौकर ‘बस, आपकी दुआ है’ म्हणत आधी चहा पुढे करतो. कंपनीच्या कृपेने मुलाचं ग्रीन कार्ड झालं की इथे लाडू आणि तिथे पेढे वाटले जातात. लाडू संपायच्या आत पुढचा प्रश्न उभा राहतो: आता त्याने ती नोकरी सोडली तर चालेल का? दोन्ही गावांचं उत्तर एकच असतं, ‘निदान सहा महिने थांबावं.’ हे सहा महिने कोणी ठरवले, हे मात्र दोन्ही गावांत कोणी विचारत नाही.

कायद्याने तर ते ठरवलेले नाहीत. कार्ड मिळाल्यावर त्याच मालकाकडे अमुक महिने राबावं, असं कलम अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात नाही. कायदा बघतो तो हेतू. कार्ड मंजूर झालं त्या दिवशी कंपनीला ती नोकरी खरोखर द्यायची होती आणि अर्जदाराला ती खरोखर करायची होती, एवढंच. उलट, सोडून जाण्याची सोय कायद्याने कार्डाच्या आधीच करून ठेवली आहे. ऑक्टोबर 2000 मधल्या कायद्यानुसार स्थायी निवासाचा अर्ज 180 दिवस रखडला, तर अर्जदार त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामासाठी दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो आणि तरीही त्याला कार्ड मिळू शकतं. आपला सहा महिन्यांचा आकडा बहुधा याच 180 दिवसांवरून उचललेला असावा. गंमत अशी, की कार्ड येण्याआधी ज्या कायद्याच्या आधारे माणूस कंपनी बदलू शकतो, त्याच कायद्याच्या धाकाने तो कार्ड आल्यावर जागचा हलत नाही.

पहिला आक्षेप अर्थातच कृतज्ञतेचा. ‘कंपनीने एवढं केलं, खाल्ल्या मिठाला जागायला नको का?’ तर हे मीठ कसं शिजतं ते पाहू. कार्डाचा पहिला टप्पा म्हणजे कामगार खात्याची मंजुरी. त्यासाठी कंपनीला दाखवावं लागतं, की या कामाला लायक आणि राजी असा अमेरिकन माणूस मिळत नाही. मग वर्तमानपत्राच्या रविवारच्या दोन अंकांत जाहिरात द्यायची. म्हणजे आपला मुलगा ज्या खुर्चीत बसलाय तिचीच जाहिरात त्याच्याच कंपनीने छापायची, आलेले अर्ज गंभीर चेहऱ्याने तपासायचे आणि कोणीच लायक निघालं नाही की सुटकेचा निःश्वास टाकायचा. 2007 पर्यंत तर सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची मंजुरी दुसऱ्याच्या नावावर चढवायचीही मुभा होती. त्या वर्षी सरकारने ही अदलाबदल बंद केली आणि या टप्प्याचा खर्च कंपनीनेच करावा असं बजावलं. तेव्हा त्या खर्चाबद्दल कृतज्ञ व्हायचंच असेल, तर निम्मी कृतज्ञता कामगार खात्याच्या नावे पाठवावी लागेल. उरलेली निम्मी फिटलेलीच असते. रोजगारावर आधारित 1,40,000 वार्षिक कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. त्यामुळे 2025 मध्ये उच्चशिक्षितांच्या ईबी-2 प्रवर्गात ज्या भारतीयांचा नंबर लागत होता, ते 2012-13 च्या सुमारास रांगेत उभे राहिलेले होते. बारा वर्षं कुठे जायची हिंमत न करणारा, पगारवाढ मागताना आवाज खाली ठेवणारा इंजिनियर कंपनीला मिळतो. यात मीठ कोणी कोणाचं खाल्लं, याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

दुसरा आक्षेप नात्याचा. ‘कंपनी म्हणजे कुटुंब’ हे वाक्य अमेरिकेतही बोललं जातं, पण माँटाना सोडलं तर तिथल्या सगळ्या राज्यांत मालक साधारणपणे कारण न देता माणसाला काढू शकतो. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 जण कमी केले. पुढच्याच जानेवारीत मायक्रोसॉफ्टने 10,000 आणि गूगलने 12,000 जणांची कपात जाहीर केली. एच-1बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्याला अशा वेळी नवी नोकरी शोधायला मिळतात फार तर 60 दिवस. त्यांच्यापैकी किती जणांना कंपनीने ‘निदान सहा महिने थांबू’ म्हटलं असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. कार्डामुळे माणूस कंपनीला बांधला जात नाही, याचा सर्वांत मजेदार पुरावा मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांचा. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागे, एच-1बी वाल्याची पत्नी मात्र लगेच येऊ शके. म्हणून 1994 मध्ये या गृहस्थांनी दिल्लीच्या वकिलातीत जाऊन ग्रीन कार्ड चक्क परत केलं आणि एच-1बी मागितला. कार्ड गेलं, कंपनी तीच राहिली, आणि वीस वर्षांनी ते तिचे प्रमुख झाले. ज्याला राहायचं असतं तो कार्डावाचूनही राहतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करताना अधिकारी विचारू शकतो, की कार्ड ज्या नोकरीसाठी दिलं ती तुम्ही केलीत का? कार्ड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन तिसऱ्या दिवशी समोशाचं दुकान टाकणाऱ्याचा हेतू त्याला संशयास्पद वाटला, तर त्यात त्याची चूक नाही. पण याचं उत्तर कॅलेंडरात नाही. हेतू खरा असला, तर तिसऱ्या महिन्यात चांगली संधी आली आणि घेतली, हे सांगता येतं. हेतूच खोटा असला, तर सहा महिने उपाशी बसल्याने तो खरा होत नाही. ज्याच्या कागदपत्रांत गुंता आहे त्याने वकिलाला विचारावं; शेजारच्या शर्माजींचा मुलगा किती थांबला, हा पुरावा धरला जात नाही.

राहिला जानकीपुरमचा खास आक्षेप, ‘लगी-लगाई नौकरी’ सोडण्याचा. तो घेणारे बहुतेक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांना उत्तर त्यांच्याच भाषेत देता येतं. लखनौ विकास प्राधिकरणाचा लीजवरचा प्लॉट फ्रीहोल्ड करून घ्यायला ज्याने खेटे घातले, तो फ्रीहोल्ड झाल्यावर भाडेकरू बदलताना प्राधिकरणाच्या बाबूला विचारायला जातो का? जात नाही. मग मुलाने का जावं?

तरीही मुलगा थांबतोच, आणि याचं खरं कारण ना कायद्यात आहे ना मिठात. बारा वर्षं त्याच्याकडे एक भक्कम निमित्त होतं. साहेब खडूस आहे, काम कंटाळवाणं आहे, पण काय करणार, कार्ड व्हायचंय! कार्ड आलं की सर्वांत आधी जातं ते हे निमित्त, आणि उरतो तो अवघड प्रश्न, की आपल्याला नेमकं करायचंय काय? सहा महिन्यांचा नियम म्हणजे त्या निमित्ताला स्वतःच दिलेली मुदतवाढ. तेव्हा ज्याला जायचंय त्याने सरळ राजीनामा लिहावा आणि ज्याला राहायचंय त्याने जरा मोठ्या आवाजात पगारवाढ मागावी. या दोन्ही अर्जांना अमेरिकन सरकारची मंजुरी लागत नाही, आणि रविवारच्या अंकात जाहिरातही द्यावी लागत नाही.