भर समुद्रातली वस्ती

जगातली सर्वांत दाट वस्ती गिनीच्या आखातात आहे आणि तिथे तसूभरही जमीन नाही. अक्षांश शून्य, रेखांश शून्य. पत्ता उमगला नाही की त्याचे अक्षांश-रेखांश काढणारी, म्हणजे जिओकोडिंगची, कित्येक सॉफ्टवेअरं रकाना रिकामा न ठेवता दोन शून्यं ठोकून मोकळी होतात. मग कुणाचं दुकान, कुणाचा अपघात थेट समुद्रात. 'नॅचरल अर्थ' या नकाशासंचाने तर २०११ मध्ये तिथे एक चौरस मीटरचं 'नल आयलंड' रीतसर आखलं, चुका पकडायला म्हणे! प्रत्यक्षात बरीच वर्षं तिथे हवामान मोजणारा एक तरंगता बोया तेवढा नांगरलेला होता. अख्ख्या वस्तीत खरा पत्ता त्याचाच. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला पिढी जाते. तिथे फेरफार नाही, तलाठी नाही, चहापाणीही नाही.