माननीय पुढील बैठकीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय पुढील बैठक,
संजय गांधी निराधार अनुदान योजना समिती,
नागपूर.

विषय : मंजूर अनुदान अर्जाच्या तारखेपासून देण्याबाबत.

महोदया,

आपली तारीख अजून ठरलेली नाही हे ठाऊक असूनही हे पत्र लिहितो आहे. कारण या शहरातल्या दिव्यांगांच्या घरांत आपल्याएवढा दरारा ना जिल्हाधिकाऱ्यांचा आहे, ना मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचा. डॉक्टर टक्केवारी लिहून देतात, तहसील उत्पन्नाचा दाखला देते, सेतू केंद्रात पोचपावती मिळते; पैसे मात्र आपण भरल्याशिवाय सुरू होत नाहीत. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेत अर्ज मंजूर करायचा तो समितीने. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय माणूस, आणि तहसीलदार सदस्य-सचिव. साहजिकच आपली प्रकृती नाजूक. आचारसंहिता लागली की आपण लांबता, सरकार बदलले की समितीच बदलते, आणि नवी नेमणूक होईपर्यंत विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळते : पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू. एवढी कारणे असताना आपण कधीतरी भरता, याचेच खरे तर कौतुक व्हायला हवे.

आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाटही लहान नाही. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत विदर्भाला फार जवळून माहीत असलेला सिकलसेलही आला. प्रमाणपत्र महिन्याभरात द्यावे असे २०१७ च्या नियमांत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या एका महिन्याचे तीन झाले. मुदत पाळण्याचा याहून बिनखर्ची उपाय कुणाला सुचला नसता. मग उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगाच्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे सगळ्या घराला महिन्याला ४,२०० सुद्धा नकोत. तो दाखला ३१ मार्चला शिळा होतो, आपण एप्रिलात भरलात तर नवा आणायचा. हे सारे एकदाचे जुळून मंजुरी मिळाली, तर अनुदान मोजले जाते मंजुरीपासून. अर्ज देऊन थांबलेले महिने कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

माझे म्हणणे एवढ्याच मुद्द्यावर आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिना २,५०० रुपये आहेत. आपण आठ महिने लांबलात, तर एका घराचे २०,००० रुपये तिजोरीत राहिले, तेही कुणी काही न चोरता, कुठल्या कागदावर नकार न लिहिता. दरम्यान घर चालतेच, किराण्याच्या उधारीवर, बचत गटाच्या कर्जावर, सांभाळायला घरी बसलेल्या आईच्या बुडालेल्या रोजीवर. थोडक्यात, ५०,००० च्या आत जगणारे कुटुंब राज्य सरकारला बिनव्याजी उसने देते, आणि सरकार ते परत न करण्याच्या बोलीवर घेते. ज्या उशिराने देणाऱ्याचा फायदाच होतो, तो उशीर नुसत्या परिपत्रकांनी कमी होईल असे मानणे भाबडेपणाचे आहे. लोकसेवा हक्क कायद्यात २०१५ पासून उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण अधिकाऱ्याला होणाऱ्या दंडातून अर्जदाराचे बुडालेले महिने भरून येत नाहीत. आणि बैठकीला दंड करायचा तर नोटीस कुणाच्या नावाने काढणार?

मागच्या तारखेपासून पैसे देणे शासनाला जमत नाही, असेही नाही. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात २०१९ च्या सुरुवातीला लागू झाला, तो १ जानेवारी २०१६ पासून. तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. कर्मचाऱ्यांचा तो हक्कच होता. फक्त निर्णयाला लागलेला वेळ साहेबांच्या खात्यात जमा होतो आणि अर्जदाराच्या खात्यातून वजा होतो, हे त्याच कार्यालयाच्या खिडकीवर पटवून देणे जरा अवघड आहे. लाडकी बहीण योजनेचे तर विचारूच नका. शासन निर्णय २८ जून २०२४ चा, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रक्षाबंधनाच्या आधी जुलै-ऑगस्टचे ३,००० रुपये खात्यांत पडू लागले, आणि ऑगस्टअखेर अर्ज करणाऱ्यांनाही लाभ १ जुलैपासून धरला गेला. इथे अर्जाच्याही आधीची तारीख चालली! पोटगीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची, कारण प्रकरण किती काळ चालेल हे मागणाऱ्याच्या हातात नसते. तो खटला सुरू झाला होता आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयात. नवऱ्याला जो न्याय, तो मायबाप सरकारला का नको?

यावर पहिली हरकत येईल बोगस लाभार्थ्यांची. ती खोटी नाही. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, आणि लाडक्या बहिणींच्या पडताळणीत पुढे हजारो भाऊ सापडले. पण मी तपासणीआधी पैसे मागत नाही. मेयो रुग्णालयात पुन्हा तपासा, घरी जाऊन चौकशी करा, हवा तेवढा वेळ घ्या. शेवटी अर्ज खरा ठरला तर मोजणी अर्जाच्या दिवसापासून करा. बोगस अर्जाला यातून एक रुपयाही मिळत नाही. रेंगाळणे म्हणजे तपासणी नव्हे, आणि टेबलावर पडून राहिल्याने कोणताही कागद अधिक खरा होत नाही. दुसरी हरकत, अर्जच अपुरे येतात. हिच्यात तथ्य आहे, म्हणून तारीख धरावी कागद पूर्ण झाल्याची. मात्र त्रुटी एकदाच, सगळ्या मिळून, लेखी कळवाव्यात. दर खेपेला एक नवी त्रुटी निघत गेली, तर कागद पूर्ण झाल्याची तारीखही आपल्यासारखीच पुढे सरकत राहील.

तिसरी हरकत वित्त विभागाची : बोजा. हा युक्तिवाद मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कबुली आहे. थकबाकीचा बोजा मोठा निघणार असेल तर त्याचा अर्थ आज तेवढी रक्कम लोकांची राहून जाते. आणि बैठका वेळेवर झाल्या तर बोजा जवळजवळ शून्यच. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या पीआयपी या भत्त्याच्या निर्णयाला महिनोन् महिने लागतात, तिथेही लोक वैतागलेले आहेत. पण मंजुरी झाली की पैसे दावा केल्याच्या तारखेपासून मिळतात. आमच्या केंद्राने मात्र ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या गरिबासाठी आपला वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयांवर स्थिर ठेवला आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून फार काही हाती लागणार नाही.

हा बदल आपल्या अधिकारात नाही, त्याला शासन निर्णय लागेल, याची कल्पना आहे. पण डिसेंबरात सरकार स्वतःच नागपुरात मुक्कामाला येते. यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चांत तीनचाकी सायकलीही असतात, आणि विधान भवनाच्या अलीकडेच पोलीस त्या अडवतात. तेव्हा आपण एक ठराव करून तो आत पाठवावा. आपल्याला कुणी अडवणार नाही. ठरावासाठी आधी भरावे लागेल, ही अडचण आहेच. म्हणून तूर्त एवढेच करा : प्रलंबित अर्जांची यादी, प्रत्येकापुढे अर्जाची तारीख आणि आजवर न दिलेली रक्कम, अशी तहसीलच्या फलकावर लावा. त्याला कोरम लागत नाही.

आपला,
अर्ज प्रलंबित नसलेला एक नागरिक