आबांना विचारा

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ कोणत्या साली निघाला, हे शेजारच्या पेठेतला संघ कोणत्या साली निघाला यावर अवलंबून आहे. त्यांनी मध्यंतरी आपल्या फलकावर एक साल रंगवून घेतलं. आठवड्याभरात आमचं साल त्याच्या दोन वर्षं मागे सरकलं. हे सरकवण्याचं काम कमिटीचं नव्हे, आबांचं. कमिटी फक्त रंगाचे पैसे देते.

आबा ही कोल्हापूरच्या फुटबॉलमधली एक जागा आहे, गोलकीपर असतो तशी. शिवाजी पेठेत जा नाहीतर मंगळवार पेठेत, तालमीच्या कट्ट्यावर ते भेटणारच. सत्तरी ओलांडलेली, पांढरा शर्ट, पायजमा, पायात कापशी चप्पल आणि उजवा गुडघा जरासा बाहेर वळलेला. त्या गुडघ्याविषयी चौकशी करू नये. केली की मॅच सुरू होते, आणि ती नव्वद मिनिटांत संपत नाही.

तालमीचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं बाहेरचा माणूस विचारतो. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या. त्याच तालमीत गणपती बसतो, त्याच तालमीत मोहरमचे पंजे बसतात, आणि पुढे फुटबॉलही तिथंच येऊन बसला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं तालमींची, आणि शाहू स्टेडियमवर उतरतात ते संघही याच नावांचे. इतकं साधं आहे. आबांना मात्र हा क्रम मान्य नाही. "आधी फुटबॉल," ते म्हणतात. "महाराजांनी कुस्ती वाढवली ती पोरांचा डिफेन्स पक्का व्हावा म्हणून."

लेखी पुरावा मागितला, की आबा पंचगंगेकडे बोट दाखवतात. जुनी वही, फोटो, ढाली, सगळं २००५ च्या पुरात गेलं. २००५ ला पूर आला हे खरं, २०१९ ला त्याहून मोठा आला हेही खरं. पण दोन्ही वेळा पाणी आमच्या चौकापर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. उलट पूरग्रस्तांचं जेवण तालमीत शिजत होतं आणि भातात मीठ कमी आहे म्हणून आबाच आचाऱ्यावर ओरडत होते. ही अडचण एका कार्यकर्त्यानं भर बैठकीत काढली. आबा डोळे मिटून क्षणभर बसले आणि म्हणाले, "वही तवा बायंडिंगला दिली हुती. शाहूपुरीत."

शाहूपुरीत पाणी शिरलं होतं. विषय मिटला.

नव्या पोरांकडे मोबाईल आल्यापासून आबांवर असे हल्ले वाढले आहेत. एकदा ते १९६४ ची एक फायनल सांगत होते. पेठेची अब्रू पणाला लागलेली, आबा एकटे बॉल घेऊन निघालेले, आणि रेफ्रीनं त्यांना रेड कार्ड दाखवलं. एका पोरानं तिथल्या तिथं मोबाईल काढला. केन ॲस्टन नावाच्या इंग्रज रेफ्रीला ही कल्पना सिग्नलच्या दिव्यांवरून सुचली आणि कार्डं पहिल्यांदा १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात वापरली, असं त्यानं वाचून दाखवलं. कट्ट्यावर शांतता पसरली. "मेक्सिकोत सत्तर साली आली असतील," आबा म्हणाले. "तिकडं सगळं उशिराच पोचतं."

आबांच्या त्या सुप्रसिद्ध किकचंही असंच. मी शाळेत होतो तेव्हा ती पंचवीस यार्डांवरून बसली होती. कॉलेजात गेलो तोवर पस्तीस झाले. हल्ली ती सेंटर लाइनवरून निघते, आणि वाटेत वाराही विरुद्ध असतो. एवढं करून तो गोल ऑफसाईड दिला गेला, मॅच टायब्रेकरवर गेली आणि आपण हरलो. गंमत अशी, की आबांच्या इतिहासात आपण जिंकलेल्या मॅचेस फारच थोड्या आहेत. जिंकलेली मॅच गुलालातच संपते. अन्यायानं हरलेली मॅच तीन पिढ्यांना पुरते.

भारतीय फुटबॉलचा इतिहासही त्यांनी याच नियमानं बसवून घेतला आहे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ हरले. त्यात दोन पेनल्ट्या वाया गेल्या. आबा त्या दोन पेनल्ट्यांविषयी सख्ख्या भावानं गमावल्यासारखे बोलतात. १९५० च्या विश्वचषकाला आपण ब्राझीलला गेलो नाही ते बूट नव्हते म्हणून, ही कट्ट्याकट्ट्यावरची कथा. तेव्हाच्या फेडरेशनला विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिक मोठं वाटत होतं, असं मी एकदा भीतभीत म्हणालो. आबांनी ते चक्क मान्य केलं. "मग फेडरेशनला कुणीतरी जाऊन सांगायला पायजे हुतं," म्हणाले, आणि ते स्वतः गेले नाहीत याची हळहळ चेहऱ्यावर दिसली. त्या वेळी त्यांचा जन्म झाला होता की नाही, हा प्रश्न मी गिळला.

अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कोल्हापुरातल्या तमाम आबांनी त्याला लहानपणीच हेरलेलं होतं असं उघडकीला आलं.

मग हा माणूस थापाड्या म्हणायचा का? मला तसं म्हणवत नाही. बरीच वर्षं ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आबांच्या गोष्टीतले गोल वाढतात, यार्ड वाढतात, प्रेक्षक तर झाडांवरून कौलांवर जातात. पण काही गोष्टी कधीच बदलत नाहीत. कातडी बॉलची वादी कपाळाला लागली की वळ उठायचा. ब्लॅडर पंक्चर झालं की सायकलवाल्याकडं पळायचं. उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहिलेला सेंटर हाफ तेलकट हातांनीच मैदानावर यायचा. चप्पल लाइनीतला एक कारागीर बॉल फुकट शिवून द्यायचा, पण लेफ्ट आउटला त्याचा पोरगा खेळला पाहिजे, ही अट. पोरगा उजव्या पायाचा होता. हे तपशील दर वेळी जसेच्या तसे येतात, आणि फलकावर रंगवावेत असं त्यांच्याबद्दल कुणालाच वाटत नाही. खुद्द आबांनाही नाही.

पैशांचा विषय निघाला की आबा जरा गप्प होतात. आता संघ बांधायला बजेट लागतं, बाहेरून खेळाडू येतात, त्यांची खोली, जेवण, मानधन. "आमच्या टायमाला जिंकलं की मिसळ आणि दूध कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध," ते सांगतात. "हरलं की मागच्या गल्लीनं घर." तरी वर्गणीचं पुस्तक घेऊन दुकानं फिरणाऱ्या पोरांच्या पुढं आबाच असतात, कारण इतिहास सुरू होईल या भीतीनं दुकानदार लवकर पैसे काढतो.

गेल्या एका सीझनला आमच्याकडे एक नायजेरियन स्ट्रायकर आला. उंचापुरा, हसतमुख, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी आबांनी त्याला कट्ट्यावर बसवून घेतलं आणि स्थापनेपासून सुरुवात केली. रेड कार्ड झालं, ऑफसाईड झाला, बायंडिंगची वही झाली. मॅनेजर दोनदा बोलवायला आला, आबांनी हातानंच थांबवला. पाऊण तास तो बिचारा मान डोलावत ऐकत होता, सेंटर लाइनवरची किक आली तेव्हा तर त्यानं टाळीही वाजवली. अखेर आबा उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आमच्याकडे वळून म्हणाले,

"पोरगं गुणी हाय. तुमच्यागत मधी मधी बोलत न्हाई."