कुतूहलपंत

दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे कुतूहलपंत म्हणतात. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. शाळा मुलांचं कुतूहल मारते, हे त्यांचं ठाम मत, आणि ते पुरतं ऐकवल्याशिवाय पंत तुम्हाला लिफ्टबाहेर सोडत नाहीत.

पुरावे तोंडपाठ. १९९९ साली कालकाजीत सुगत मित्रा यांनी एनआयआयटी या कंपनीच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या वस्तीकडे तोंड करून संगणक बसवला. ना मास्तर, ना घंटा. पोरं आपली आपण माउस फिरवायला शिकली. पंत हे असं रंगवून सांगतात, की भोक पाडायला छिन्नी यांनीच धरली होती असं वाटावं. मग १९९३ चा यशपाल समितीचा अहवाल निघतो. दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचं ओझं वाईट, हे त्यातलं म्हणणं सांगताना पंतांचा आवाज चढतो आणि समोरच्याच्या हातातली दुधाची पिशवी गरम होते.

हे सगळं खरंच आहे. माझं काही भांडण नाही. असलंच तर ते त्यांच्या नातवाचं असेल.

चिनू सहावीत आहे. दर रविवारी चार ते पाच त्याचा ‘कुतूहलाचा तास’ असतो. पंत वही उघडून, तारीख घालून बसतात.

“विचार. मनात येईल ते विचार.”

चिनू पंख्याकडे बघतो.

“पंखा का फिरतो, हेच ना?”

“नाही, आजोबा.”

“लाजू नकोस,” म्हणून पंत फॅरडेपासून सुरुवात करतात. पाच वाजतात तेव्हा वहीत एक प्रश्न आणि अडीच पानं उत्तर असतं. दोन्ही पंतांच्या अक्षरात.

एकदा त्याला जंतरमंतरला नेलं. सोबत मीही होतो. सम्राट यंत्रासमोर उभं करून पंतांनी सवाई जयसिंग, सूर्य, सावली असं सगळं सांगितलं. चिनू मात्र कुंपणापलीकडून येणाऱ्या घोषणा ऐकत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आजोबा, हे आंदोलनवाले रात्री झोपतात कुठे? आणि त्यांना जेवण कोण देतं?”

“विषयाला धरून विचार,” पंत म्हणाले.

मला विचाराल, तर त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. पण मला कोण विचारतं! पंतांसमोर तर नाहीच.

पुढे एकदा लिफ्टमध्ये चिनू एकटा सापडला. म्हटलं, “काय रे, शाळा आवडते का?”

“खूप,” तो म्हणाला. “तिथे चाळीस जण असतात. माझा नंबर उशिरा येतो.”

परवा शाळेत पालकसभा होती. पंत अहवालाची झेरॉक्स खिशात घालून, बाह्या सरसावूनच गेले. ते तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, “अंकलजी, बच्चा होशियार है, पर सवाल बहुत पूछता है. कल पूछ रहा था, लाइन हमेशा हाइट से ही क्यों लगती है? ऐसे में सिलॅबस कैसे पूरा होगा?”

पंत तिथून तरंगतच घरी आले. संध्याकाळी जिन्यात गाठून मला म्हणाले, “बघितलंत? हा रविवारच्या तासाचा परिणाम! आता बुधवारीही ठेवतोय.”